कुकरच्या शिट्टीसाठी एवढं मोठं खोकं कशाला?

प्रति,
ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांचे भारतातील प्रमुख
आणि त्यांच्या गोदामांतील पॅकिंग विभागाचे अधिकारी

माहितीसाठी प्रत : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

विषय : पार्सलमधून घरोघर पोचवली जाणारी हवा

महोदय,

भोसरीच्या एमआयडीसीत माझा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा कारखाना होता. (खोकी म्हटलं की हल्ली लोक गालातल्या गालात हसतात. माझी रिकामी जायची.) वाहनांचे सुटे भाग, औषधं, फरसाण, ज्याला जशी लागतील तशी खोकी आम्ही दिली. मुलाला या धंद्यात रस नव्हता आणि माझे गुडघे बोलायला लागले होते, तेव्हा मशिनं विकली आणि घरी बसलो. घरी बसलेल्या माणसाच्या गळ्यात सोसायटीची कमिटी पडतेच. माझ्याही पडली, आणि विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीची सुक्या कचऱ्याची खोली माझ्याकडे आली. त्यामुळे तुमचं खोकं मला दोन्हीकडून दिसतं. ते कसं बनतं हे ठाऊक आहे, आणि शेवटी ते कोणाला उचलावं लागतं हेही रोज बघतो.

हेच सगळं मी आधी तुमच्यापैकी एका कंपनीला खासगीत कळवलं होतं. "पॅकिंग सिस्टीम ठरवते सर, आमच्या हातात नसतं," असं ग्राहक सेवेतली मुलगी फोनवर म्हणाली. ती बिचारी खरंच बोलली असणार. मग ईमेल केला. त्याला साचेबंद उत्तर आलं, दुसऱ्या दिवशी तक्रार 'निकाली' म्हणून बंद झाली, आणि वर आमची सेवा कशी वाटली त्याला तारे द्या असा निरोप. म्हणून आता चारचौघांत लिहितो आहे.

प्रकरण अगदी साधं होतं. आमच्या कुकरची शिट्टी गेली. त्या मॉडेलची शिट्टी जवळच्या भांड्यांच्या दुकानांत मिळेना, म्हणून मुलीनं ऑनलाइन मागवली. आलेलं खोकं मी सवयीनं टेपनं मोजलं: ३० सेंटीमीटर लांब, २० रुंद, १५ उंच. तीन प्लाय म्हणजे कागदाचे तीन थर, क्राफ्ट हा खोक्यांचा तपकिरी कागद चांगला, घड्या काटकोनात. ज्यानं बनवलं त्याच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. वरून तपकिरी चिकटपट्टी खालीवर आणि कडांना. उघडलं तर हवा भरलेल्या प्लास्टिकच्या उशांची माळ. तिच्याखाली चुरगळलेला कागद. कागदाखाली पारदर्शक पिशवी, तिच्यावर लहान मुलांपासून दूर ठेवा असा इशारा. पिशवीत शिट्टीच्या कंपनीची स्वतःची डबी, ९ बाय ६ बाय ४. आणि त्या डबीतही शिट्टी एका प्लास्टिकच्या पुडीत बंद. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आता हिशेब. डबीचं आकारमान २१६ घन सेंटीमीटर, खोक्याचं ९,०००. म्हणजे शंभरातले साडेसत्त्याण्णव भाग तुम्ही आम्हाला हवा पाठवली. त्या खोक्याला लागलेला पुठ्ठा सपाट अंथरला तर साधारण ३,६०० चौरस सेंटीमीटर भरतो. डबीभोवती बोटभर जागा सोडून बेताचं खोकं केलं असतं, तर ६०० सुद्धा लागला नसता. सहापट पुठ्ठा! आणि शिट्टीसारख्या धातूच्या वस्तूला खरं तर खोकंही नको, पुठ्ठ्याचं पाकीट पुरतं. तिची डबी फुटणार नाही, आणि दबली तरी शिट्टीचं काही बिघडणार नाही.

बहुतेक कुरिअरवाले पार्सलचं 'आकाराचं वजन' काढतात: लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार भागिले ५,०००. त्या हिशेबानं तुमचं हे पार्सल १.८ किलोचं झालं. शिट्टी शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. बाहेरचा विक्रेता तुमच्याकडून माल पाठवतो तेव्हा हा हिशेब त्याच्याकडून काटेकोर वसूल होतो, हे माझ्या ओळखीच्या दोन लघुउद्योजकांनी बिलं दाखवून सांगितलं आहे. म्हणजे हवेला पैसे पडतात हे तुम्हाला चांगलं कळतं.

मग तरीही हे का होतं? याचं उत्तर तुमची सिस्टीम देणार नाही, मी देतो, कारण खोकी विकणाऱ्याच्या टेबलाच्या त्या बाजूला मी बसलेलो आहे. गोदामात खोक्यांची मापं जितकी कमी, तितकी साठवण सोपी. एकाच मापाची मोठी ऑर्डर दिली की खोकेवाला दर उतरवतो. छोट्या छोट्या मापांच्या दहा ऑर्डरी म्हटलं की तोंड वाकडं करतो. मीही करायचो. पॅकिंगच्या टेबलावरच्या पोराला तासाला अमुक इतकी पार्सलं बंद करायची असतात. नेमकं मापाचं खोकं रॅकमध्ये संपलेलं असलं, तर तो वरचं माप उचलतो आणि उरलेली जागा उशांनी भरतो. त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तरी तेच केलं असतं. तेव्हा दोष त्या पोराला देऊ नका. कमी मापांत भागवायचं हा निर्णय वरच्या मजल्यावर झालेला आहे, आणि त्यात तुमचे पैसे वाचतात. ते खोकं घडी करणं, साठवणं, वेगळं काढणं, हलवणं आणि जाळणं किंवा पुरणं याचा खर्च तुमच्या ताळेबंदात कुठेच येत नाही. तो आमच्या सोसायटीच्या, महापालिकेच्या आणि कचरा वेचणाऱ्या बायकांच्या वाट्याला येतो. माझी मूळ तक्रार ही आहे. बाकीच्या तिच्याच फांद्या.

दुसरी तक्रार ऐकून तुम्हाला विरोधाभास वाटेल. शिट्टीला राजेशाही खोकं देणाऱ्या त्याच कंपनीनं आमच्या शेजाऱ्यांकडे लोणच्याची काचेची बरणी नुसत्या कुरिअरच्या पातळ पिशवीतून पाठवली. व्हायचं तेच झालं. बरणी बदलून मिळाली, म्हणजे एका बरणीसाठी गाडी तीनदा फिरली. पॅकिंग जास्त करा किंवा कमी करा असं माझं म्हणणंच नाही. वस्तू बघून करा.

तिसरी तक्रार तुम्ही एका ऑर्डरीचे जे तुकडे करता त्यांची. एकाच वेळी मागवलेल्या तीन वस्तू तीन खोक्यांतून, एकाच दिवशी, तीन वेगवेगळ्या मुलांच्या पाठीवरून येतात. वेगवेगळ्या विक्रेत्यांचा माल वेगवेगळ्या गोदामांत असतो हे मान्य. पण "दोन दिवस उशीर चालेल, सगळं एकत्र पाठवा" हा पर्याय शोधायला लागतो, आणि 'उद्याच मिळवा' मात्र हिरव्या ठळक अक्षरांत समोर येतो. भिंगरीसारखं फिरणारं ते पोर पाठीवर जे ओझं घेऊन जिने चढतं, त्यात किती हवा आहे हे एकदा त्यालाच विचारा.

चौथ्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण तो कागदपत्रांत कुठे दिसत नाही.

आमच्याकडे कचरा न्यायला 'स्वच्छ' संस्थेच्या मावशी येतात. पुणेकरांना ही संस्था माहीत आहे, बाहेरच्यांसाठी सांगतो. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ही सहकारी संस्था झाली. घरामागे ठरलेलं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून भंगारात विकलं जाईल ते, अशी या बायकांची कमाई. त्यामुळे कोणत्या मालाला भाव आहे हे त्यांच्याइतकं नेमकं तुमच्या पर्यावरण विभागालाही माहीत नसेल.

एकदा मी त्यांच्यासोबत सकाळभर खोलीत बसलो. मावशींनी तुमच्या पार्सलांचे तीन ढीग केले. पहिल्यात पुठ्ठा, तोही चिकटपट्टी ओढून काढल्यावर. ती पट्टी कागदासकट निघते, नखात घुसते, आणि तशीच राहिली तर भंगारवाला वजनात काट मारतो. "पट्टी काढता काढता बोटं सोलतात, पन पुठ्ठा तरी इकतो," त्या म्हणाल्या. दुसऱ्या ढिगात हवेच्या उशा, सुईनं फोडून चपट्या केलेल्या. पोतं भरलं तरी वजन नाही. तिसऱ्या ढिगाला मात्र त्यांनी पुन्हा हातच लावला नाही. त्यात होती बाहेरून कागद आणि आतून बुडबुड्यांचं प्लास्टिक चिकटवलेली पाकिटं, आणि बाहेरून करड्या, आतून काळ्या कुरिअरच्या पिशव्या, त्यांच्यावर घट्ट बसलेल्या लेबलासकट. "हे कोन घ्येत न्हाई काका. ना कागदात, ना प्लास्टिकात."

त्या पाकिटावर, सांगायला हरकत नाही, हिरव्या पानाचं चित्र होतं.

धंद्यातला माणूस म्हणून याचं कारण सांगतो. कागद मिलमध्ये जातो तेव्हा तो पाण्यात घुसळून त्याचा लगदा करतात. त्यात प्लास्टिक मिसळलेलं असलं की ते गाळून बाजूला काढावं लागतं आणि त्याला चिकटलेला धागाही वाया जातो. लेबलाचा कागदही साधा नसतो. उष्णतेनं अक्षरं उमटावीत म्हणून त्याला रसायनाचा थर दिलेला असतो, आणि मिलवाल्यांना तो रद्दीत नको असतो. वर त्याच लेबलावर आमचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर. सोसायटीतल्या बायका खोकं टाकण्याआधी काळ्या पेनानं तो नंबर गिरवत बसतात. हा पर्यावरणाचा प्रश्न नाही, पण लिहून ठेवतो.

आता हिरव्या पानाबद्दल. गेल्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांनी जाहीर केलं की गोदामांतून एकदाच वापरायचं प्लास्टिक हद्दपार केलं, उशांच्या जागी कागद आणला. चांगलं केलंत. मी स्वतः कागदाच्या बाजूचा माणूस आहे, त्यावर माझं घर चाललं. म्हणूनच सांगतो की कागद फुकट होत नाही. क्राफ्टच्या मिलला पाणी लागतं, वाफेसाठी बॉयलर पेटवावा लागतो, पुठ्ठा चिकटवायला स्टार्च लागतो. आपल्या मिलना देशातली रद्दी पुरत नाही, परदेशातून रद्दीची जहाजं येतात. आणि तोच धागा पुन्हा पुन्हा वापरला की दरवेळी आखूड होतो, काही फेऱ्यांनंतर त्याचा कागद होत नाही. तेव्हा रिकामी जागा प्लास्टिकऐवजी कागदानं भरली, म्हणून ती कमी झाली असं होत नाही. ती आहे तिथेच आहे, फक्त तिचा रंग बदलला.

आता जबाबदारीचं बघू. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. मंडईतली भाजीवाली, वडापावची गाडी, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार यांना हे आकडे पाठ झाले, कारण पथकं त्यांच्याकडे यायची. त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर ५० पैसे अनामत घेऊन ती परत घेण्याची तरतूद होती. ती कागदावरच राहिली. म्हणजे गल्लीतल्या माणसाकडून दंड वसूल करणं जमलं, पण कंपन्यांकडून पिशवी परत घेववणं काही जमलं नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाला प्रत पाठवतोय ती एवढ्यासाठीच.

केंद्राचे नियम तुम्हाला थेट लागू आहेत. प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाचे नियम २०१६ चे, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांत उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची, म्हणजे प्लास्टिक बाजारात आणणाऱ्यानंच त्याचा कचरा मार्गी लावायचा याची, मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत ऑनलाइन विक्रीच्या मंचांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याआधी, २०१९ मध्ये, एक शाळकरी मुलगा दोन मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या अवाजवी पॅकिंगविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेला होता. शाळकरी मुलाला हे दिसलं.

पण या व्यवस्थेत एक मोठी पळवाट आहे. हिशेब टनांत होतो. तुम्ही बाजारात जितकं प्लास्टिक आणलं तितक्या वजनाच्या पुनर्प्रक्रियेची प्रमाणपत्रं दाखवली की झालं. ती विकत घेता येतात. विश्रांतवाडीत तुमची काळी पिशवी पडून राहिली आणि प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यातल्या कारखान्याचं असलं तरी कागद जुळतो. शिवाय त्या कागदावर किती विसंबायचं? २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या काही पुनर्प्रक्रिया कंपन्यांची सहा लाखांच्या आसपास बनावट प्रमाणपत्रं उघड झाली. तुम्ही ती घेतलीत असं मी म्हणत नाही. प्रमाणपत्रापेक्षा मावशींचा तिसरा ढीग मला जास्त विश्वासार्ह वाटतो, एवढंच म्हणतो.

आणि टनांच्या या हिशेबात हवेचं वजन शून्य असतं. पार्सलमधल्या रिकाम्या जागेची मर्यादा या नियमांत नाही. युरोपीय संघानं वेष्टनांसाठी केलेला नवा कायदा फेब्रुवारी २०२५ पासून अस्तित्वात आला आहे. त्याप्रमाणे २०३० पासून ऑनलाइन विक्रीच्या पार्सलमध्ये निम्म्याहून जास्त जागा रिकामी चालणार नाही. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की कागदाचा चुरा, हवेच्या उशा, बबल रॅप यांनी भरलेली जागासुद्धा रिकामीच धरायची आहे. ज्यानं कोणी हे कलम लिहिलं त्यानं पॅकिंगचं टेबल जवळून बघितलेलं असणार. दक्षिण कोरियानंही २०२४ मध्ये पार्सलसाठी अशीच ५० टक्क्यांची मर्यादा आणली, कंपन्यांना सावरायला दोन वर्षांची सवलत देऊन. तुमच्यापैकी काहींचा धंदा युरोपातही आहे. तिथे बेताचं खोकं बनवणार असाल तर भिवंडी आणि चाकणच्या गोदामांत ते न जमण्याचं कारण कळवा.

तुमची उत्तरंही मला माहीत आहेत. ग्राहकाला नवंकोरं, भक्कम खोकं हवं असतं म्हणे. मोबाइल, दागिने, औषधं यांच्या बाबतीत वस्तू झाकून पाठवायलाच हवी, वाटेत हात मारला जातो, हे खरं आहे. पण डाळीचं पुडकं, टूथपेस्टचा जोड, पंखा, मिक्सर? मिक्सरच्या कंपनीनं स्वतःचं खोकं आधीच ट्रकच्या प्रवासासाठी, पाडून बघण्याची चाचणी घेऊन बनवलेलं असतं. त्याच खोक्यात तो दुकानापर्यंत येतो आणि दुकानातून रिक्षात बसून घरी जातो. त्याला तुम्ही आणखी एका खोक्यात घालता ते कोणापासून वाचवायला?

दुसरं उत्तर म्हणजे खोकी परत घेणं परवडत नाही. यावर मात्र मला बोलायचा हक्क आहे, कारण त्यात माझं नुकसान झालेलं आहे. वाहन कंपन्यांनी सुट्या भागांसाठी पुठ्ठ्याची खोकी बंद करून परत फिरणारे प्लास्टिकचे बिन आणि लोखंडी ट्रॉल्या आणल्या, तेव्हा माझ्या ऑर्डरीतला मोठा हिस्सा गेला. मला राग आला, पण हिशेब त्यांचा बरोबर होता. भरलेला बिन येतो, रिकामा त्याच गाडीनं परत जातो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो २० किलोच्या क्रेटमध्ये येतो आणि क्रेट पुन्हा शेतावर जातं, त्यासाठी कोणी व्यवस्थापनाची पदवी घेतलेली नाही. आणि परतीची गाडी तुमच्याकडे नाही असंही नाही. कुर्ता मापाला बसला नाही तर तुमचाच मुलगा दारात येऊन तो परत नेतो. कुर्ता परत जाऊ शकतो तर खोकंही जाऊ शकतं.

माझ्या मागण्या येणेप्रमाणे.

तुमच्या दर पार्सलमध्ये सरासरी किती टक्के जागा रिकामी असते, हा आकडा दरवर्षी जाहीर करा, भरावाची जागा रिकामी धरून. टनांचे अहवाल आणि झाडं लावल्याचे फोटो यांच्या आधी हा एक आकडा द्या. तो तुमच्या सिस्टीमकडे आहे. वस्तूचं माप आणि खोक्याचं माप दोन्ही तिच्यात भरलेलं असतं.

गोदामात खोक्यांची मापं वाढवा, आणि लहान, न फुटणाऱ्या वस्तूंसाठी पुठ्ठ्याचं सपाट पाकीट ठेवा. एकाच खोक्याला वेगवेगळ्या उंचीवर घडीच्या रेघा मारून ठेवल्या की वरून कापून ते बुटकं करता येतं. ही युक्ती नवी नाही, कोणताही खोकेवाला करून देईल. पॅकिंगच्या पोराचं काम तासाला किती पार्सलं एवढ्यावरच मोजू नका, कारण जोवर ते तसं मोजलं जातं तोवर तो वरचंच माप उचलणार.

कागद आणि प्लास्टिक एकमेकांना चिकटवलेलं पाकीट पूर्ण बंद करा. चिकटपट्टी कागदाची वापरा. पाण्यानं चिकटणारी कागदी पट्टी आमच्या धंद्यात जुनी आहे, ती पुठ्ठ्यासोबतच मिलला जाते. लेबल सोलून निघेल असं करा आणि त्यावरचा मोबाइल नंबर झाका.

पैसे भरायच्या पानावर दोन पर्याय सर्वांत वर द्या: 'सगळं एकत्र पाठवा' आणि 'जादा खोकं नको'. ग्राहकानं ते निवडले तर तुमचा जो खर्च वाचतो त्यातला थोडा त्याला द्या. आपल्याकडची माणसं दहा रुपयांसाठी दोन दिवस आनंदानं थांबतात, मी स्वतः थांबेन.

रिकामी खोकी, पिशव्या आणि उशा परत घ्या, निदान मोठ्या सोसायट्यांतून आठवड्यातून एकदा. आणि ज्या मालाला भंगारात भाव नाही, तो वेगळा काढण्याचे आणि उचलण्याचे पैसे तुम्ही कचरावेचकांच्या संस्थांना किलोमागे द्या. याच पुण्यात २०१३ साली 'स्वच्छ'च्या बायकांनी वापरलेली सॅनिटरी पॅड गोळा करून ती बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवली होती. तुमच्या पाकिटांसाठी तशी वेळ येऊ नये असं मला वाटतं, पण आली तर आमच्या खोलीतली पोती देण्याचा ठराव कमिटीत मांडणारा मीच असेन.

प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे एकच मागणी. कागद, काच आणि धातूच्या वेष्टनांनाही उत्पादकाची जबाबदारी लावायचा मसुदा केंद्रानं डिसेंबर २०२४ मध्ये काढला. रिकाम्या जागेची मर्यादाही नियमांत यावी, असं मंडळानं राज्य सरकारमार्फत केंद्राला लेखी कळवावं, आणि तोवर भाजीवालीकडे जाणाऱ्या पथकानं महिन्यातून एकदा भिवंडीच्या एखाद्या गोदामातही जाऊन यावं.

दिवाळीचे सेल लागायच्या आत यातलं निदान जादा खोकं नाकारायचं बटण तरी सुरू करा; त्याला यंत्र लागत नाही, मिलही बदलायला लागत नाही. खोक्यांच्या मापांसाठी वेळ लागेल हे मला कळतं. त्यासाठी तुमच्या पॅकिंग विभागातल्या कोणाला गोदामात माझ्यासोबत दिवसभर बसायचं असेल तर मी यायला तयार आहे. फी नको. टेप माझी मी आणेन, चहा तुमचा.

कळावे,

आपला,
एक निवृत्त खोकेवाला
विश्रांतवाडी, पुणे